हत्यारपेटीचा वारस

५ जानेवारी, रविवार
आजपासून रोज लिहायचं. लोक म्हणतील कंपनीने काढलं. प्रत्यक्षात मी पॅकेज घेऊन स्वतः बाहेर पडलो. मॅनेजरने फक्त तारीख सुचवली. इतकी वर्षं बंगळुरात, इलेक्ट्रॉनिक सिटीत स्क्रीनकडे बघून डोळे गेले, आता हातांचं आयुष्य. जुनी हत्यारं जमवायची आणि रिस्टोअर करायची. रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटं. पुढेमागे म्युझियम. नीलिमाला सगळा प्लॅन सांगितला. ती म्हणाली, आधी स्वयंपाकघरातलं स्टूल डुगडुगतंय ते बघ.
बायकोला व्हिजन नाही.

११ जानेवारी
मुलाची, निहारची, खोली वर्कशॉप केली. तो नोकरीला हैदराबादला, खोली नुसती पडून. फोनवर विचारत होता, माझा पलंग कुठे गेला. म्हटलं, तू येतोस कधी? त्याने फोन ठेवला. ही पिढीच उतावळी.

१९ जानेवारी, रविवार
चिकपेटजवळच्या रविवारच्या बाजारात लोखंडी रंधा मिळाला. विकणारा म्हणाला, ब्रिटिश जमान्यातला. मी घासाघीस केली नाही. इतिहासाशी घासाघीस करू नये.

२२ जानेवारी
गंज घासून काढला. खाली बारकोड निघाला. बहुधा नंतर कुणीतरी चिकटवला असेल.

२ फेब्रुवारी, रविवार
जयनगरला रघुपतीरावांकडे गेलो. त्यांच्या पत्नी अहल्याबाई नीलिमाच्या बँकेतून रिटायर झालेल्या, त्यामुळे ओळख. रघुपतीराव कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करायचे. घराणं मराठी, पण बंगळुरात तीन-चारशे वर्षं. बोलताना दर वाक्याला कन्नड घुसतं, ‘थोडं’ला स्वल्प आणि ‘बरं’ला सरी. लँग्वेज अशी मिक्स करणं मला अजिबात पटत नाही.
पण त्यांची पेटी! आजोबांनी केलेली, सागवानी. प्रत्येक हत्याराला त्याच्याच आकाराचा खण. मी अर्धा तास बोललोच नाही (नीलिमा म्हणते पाच मिनिटं).
दोघं मुलीकडे म्हैसूरला राहायला जाणार आहेत. तिथे जागा लहान. पेटी कुणा हौशी माणसाला द्यायची, असं रघुपतीराव म्हणाले, माझ्याकडे बघून. नीलिमा माझ्याच सोफ्यावर होती, पण नजर माझ्याकडेच होती.

१६ फेब्रुवारी, रविवार
आज त्यांनी एक लाकडी रंधा हातात ठेवला. पातं बोथट झालंय, धार लावून आणा म्हणाले. म्हणजे परीक्षा. दगडावर तेल घालून स्वल्प सावकाश घासा, असंही म्हणाले. नीलिमाने लगेच विचारलं, दगड कुठला, तेल कुठलं, पातं किती तिरकं धरायचं. तिला मध्ये मध्ये बोलायची सवयच आहे.

१८ फेब्रुवारी
दगड वगैरे आउटडेटेड. इलेक्ट्रिक ग्राइंडर आणला, दहा मिनिटांत काम खलास. पात्याच्या टोकाला सुंदर निळा रंग चढलाय, मोरपिसासारखा. लाकडाला पॉलिशचे तीन हात दिले. रंधा आता शोरूममधला वाटतो. म्हातारा खूश होणार.

२३ फेब्रुवारी, रविवार
रघुपतीराव बराच वेळ त्या निळ्या टोकाकडे बघत होते. मग म्हणाले, पाणी उतरलं. मला वाटलं, नळाचं. मी म्हटलं, आमच्याकडे तर रोज टँकर. अहल्याबाई घाईने कॉफी आणायला उठल्या.
परत येताना गाडीत नीलिमाने सांगितलं, की पोलाद जास्त तापलं तर त्याचा कडकपणा जातो, मग धार टिकत नाही. त्याला पाणी उतरणं म्हणतात. आणि तो रंधा त्यांच्या वडिलांचा होता.
हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. कम्युनिकेशन हा त्यांचा वीक पॉइंट आहे.

२ मार्च, रविवार
आज गेलो नाही. थोडं अंतर ठेवलं की आपली किंमत वाढते. नीलिमा एकटी गेली. अहल्याबाईंना आता अहल्याक्का म्हणते. सामान बांधायला मदत करायची आहे म्हणाली.

२० मार्च
जुन्या कानशी व्हिनेगरमध्ये घातल्या होत्या. एक रात्र ठेवायच्या होत्या, आठवण चौथ्या दिवशी झाली. दात विरघळलेत. कानस म्हणून गेल्या, पण डिस्प्लेला चालतील.
भांडं म्हणून नीलिमाचं इडलीपात्र वापरलं होतं. वाटलं, आता भांडेल. तिने नवीन आणलं आणि तिच्या कपाटात कुलपात ठेवलं. भांडली नाही. समजूतदार होत चालली आहे.

६ एप्रिल, रविवार
स्टूल डुगडुगायचं थांबलं. हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगून सांधे बसले असणार. निसर्गाला वेळ द्यावा लागतो, हे मी नीलिमाला नीट समजावलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकला. बोटाला पट्टी होती. चिरताना कापलं म्हणाली. पंचवीस वर्षं स्वयंपाक करूनही हात बसलेला नाही.

२७ एप्रिल, रविवार
नीलिमा जयनगरहून अंधार पडल्यावर आली. केसांत भुसा. रस्त्यांची खोदकामं संपतच नाहीत या शहरात. हल्ली केसांना जवसाचं तेल लावते वाटतं, वास येतो. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण मी नव्या शेगड्याबद्दल सांगत होतो. टेबलाला बसतो आणि लाकूड घट्ट धरून ठेवतो, असा. मग तिला झोप आली.

११ मे, रविवार
आज गेलो. पुढच्या आठवड्यात ते म्हैसूरला निघतायत, अंतर किती ठेवायचं यालाही लिमिट असते. निहारच्या खोलीत पेटीसाठी खास लाइट लावून घेतलाय, ते सांगितलं. अहल्याबाईंनी विचारलं, या हत्यारांनी आजवर काय काय केलंत? मी म्हटलं, कलेक्टर वेगळा आणि सुतार वेगळा. त्यांनी मला अजून कॉफी वाढली.
रघुपतीरावांनी कपबशी बाजूला सारली. म्हणाले, पेटी शनिवारी तुमच्याच घरी पाठवतो, सरी ना? मी त्यांच्या पाया पडलो. माझ्यानंतर नीलिमाही पडली. तिच्या डोक्यावर त्यांनी बराच वेळ हात ठेवला. बायका लगेच रडतात.
गाडीत म्हणाली, तुझ्याशी बोलायचंय. म्हटलं, पेटी आली की निवांत बोलू.

१७ मे, शनिवार
पेटी आली. पाठोपाठ रघुपतीरावांचा फोन. म्हणाले, बाळराव, पोचली का? नीलिमाला सांगा, लहान रंध्याची पाचर स्वल्प सैल आहे, ती तिला ठोकायला येते.
मी विचारलं, तिला कसं काय?
ते म्हणाले, पेटी तिचीच आहे. तिने सांगितलं नाही?
नीलिमाने पेटी उघडली. न शोधता एकेका खणात हात घालत होती. मार्चपासून दर रविवारी ती तिथे शिकत होती. स्टूल तिनेच दुरुस्त केलं. अहल्याबाईंची भाची दिव्यश्री होसकोटेला शेडमध्ये फर्निचर करते. त्या शेडचा अर्धा भाग नीलिमाने भाड्याने घेतलाय. सध्या शनिवार-रविवार जाणार. पुढचं पुढे.
विचारलं, मला का नाही सांगितलंस?
म्हणाली, तीन वेळा सुरुवात केली होती. तू दर वेळी मला रंधा म्हणजे काय ते समजावलंस.

१८ मे, रविवार
रागावलेलो नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.
नीलिमा भाजी आणायला गेली होती. पेटीतली एक पटाशी काढून फळीवर चालवून बघितली. थोडी आत गेली आणि रुतली. जोर लावला तर फळीच चिरली. पुसून परत ठेवली.
नीलिमाने आल्यावर पेटी उघडली, ती पटाशी उचलून शेजारच्या खणात ठेवली, झाकण लावलं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

२२ मे
तिला ऑफर दिली. मी वेबसाइट बघतो, ब्रँडिंग करतो, फाउंडर म्हणून तुम्हा दोघींची नावं घालू. ती म्हणाली, दिव्यश्रीला विचारते. संध्याकाळी सांगितलं, सध्या गरज नाही. मग तिने विचारलं, निहार पुढच्या महिन्यात येतोय, त्याचा पलंग कुठे ठेवलायस?
गच्चीवर. तीन वळीव झाले त्याच्यावर.

२४ मे, शनिवार
होसकोटेचा टेम्पो सकाळी आला. पेटी खाली न्यायला एक टोक मी धरलं, एक तिने. लिफ्टमध्ये म्हणाली, हळू, आत सगळ्याला धार आहे. मी चांगला शर्ट घातला होता. एकदा शेड बघून यावी, एवढंच मनात होतं.
टेम्पोत पुढे दोघांची जागा होती. ड्रायव्हरने माझ्याकडे बघत नीलिमाला कन्नडमध्ये विचारलं, सर पण येणार का? एवढं कन्नड मला कळतं. तिने कन्नडमध्येच उत्तर दिलं, अगदी सहज, तेही कळलं.
नाही, ते घरीच असतात.