नऊ दिवस आधी

दादा,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे. नाहीतरी हे पत्र मी टाकणार नाहीये. कोणत्या तोंडानं टाकू?

आपण दोघांनी व्हीलचेअरचे ब्रेक बनवायची कंपनी काढली, तेव्हा करारात ती अट मीच घातली होती. वर्षाच्या आत जो सोडून जाईल, त्याचे सगळे शेअर कंपनीला परत. तुझ्या पायाला भिंगरी, पाच नोकऱ्या सोडलेल्या. तू न वाचताच सही केलीस, असं मला वाटलं.

वर्षाला नऊ दिवस उरले असताना तू राजीनामा दिलास. अख्ख्या वर्कशॉपसमोर मी तुला पळपुटा म्हणाले. तू फक्त ॲप्रन खुंटीला अडकवलास.

आज गुंतवणूकदारांचे कागद करताना वकीलबाई सहज म्हणाल्या, "बरं झालं, भाऊ वेळेत बाहेर पडले. नाहीतर त्यांचा वाटा आणि वर गुंतवणूकदारांना एवढा हिस्सा देऊन कंपनी तुमच्या हातात राहिलीच नसती. कधीपर्यंत सोडलं तर सगळं परत जाईल, हे स्वतः येऊन विचारून गेले होते ना?"

त्यांना वाटलं, मला ठाऊक आहे. आणि मी मान हलवली. अरे, चक्क मान हलवली मी!

आत्ता तुझ्या ॲप्रनच्या खिशात कराराची प्रत सापडली. माझ्या अटीखाली पेन्सिलीची रेघ आहे. शेजारी तुझं अक्षर, सही केलीस त्या दिवशीची तारीख, आणि तीन शब्द: "धाकटी हुशार आहे."

हुशार कसली, दादा.

तुझी,
धाकटी