अर्ध्या दिवसाचं काम

राणीसरकारांना दूरदेशीच्या सुताराचा नमस्कार,

या महिन्यात मी माझ्या हातांनी दोन कपाटं, सहा खुर्च्या आणि एक पाळणा केला. पाळण्यात एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडाचेच.

मंदी इथेही आहे, पण तू काळजी करू नकोस. ऑर्डरी निम्म्यावर आल्या, म्हणून वर्कशॉपमधले आम्ही चौघं अर्धा अर्धा दिवस काम वाटून घेतो. कुणाला घरी बसवलं नाही. लाकडाचे भाव पडलेत, म्हणून शिलकीतून सागाच्या फळ्या घेऊन ठेवल्या. वाळलेल्या सागाला पुढे चांगली किंमत येते.

पॉलिशवाले काका म्हणाले, "मालक, मला काढा, पोरांना ठेवा." मी म्हटलं, "काका, सुतारकाम माझं मीच शिकलो, पण पॉलिश तुम्ही शिकवलंत. आता गुपचूप फडकं उचला."

तुझा गुडघा कसा आहे? छपराचं काम यंदा पुढे ढकललं तर चालेल ना?

तुझाच,
हट्टी माणूस

ता. क. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. फर्निचरच्या मोठ्या कारखान्याने मला मुकादम म्हणून बोलावलं होतं. अट एकच, वर्कशॉप बंद करून एकट्याने यायचं. मी नाही म्हणून सांगून आलो. पगार होता महिना ऐंशी हजार.