संतोषच्या दुकानातले ब्रेक पॅड

१० जाने., शनि.
ब्रेक दाबला की कर्र. आठवडाभर रेडिओ मोठा करून गाडी चालवली. आज लाज वाटली नि छावणीत सलीमभाईंच्या गॅरेजवर नेली. पुढची चाकं काढून त्यांनी दाखवलं. पॅड पार झिजलेत, पत्रा डिस्कला घासायला आलाय. "भाभी, आज आए अच्छा किए." म्हटलं, असं तुम्ही सगळ्यांनाच म्हणत असाल. हसले. नाही म्हणाले नाहीत.

गाडी जुनी, पण ऋतूला हीच द्यायची ठरलीय. चाळीसगावला नोकरी लागली पोरीची, पंचवीसला निघणार, स्वतः चालवत. मध्ये कन्नडचा घाट. त्या उतारावर माझी मुलगी नि हे पॅड, एवढंच असणार. या वेळी कुणाच्या शब्दावर जायचं नाही.

११, रवि.
नवऱ्याचं, दिलीपचं, एकच, संतोषकडून आण. त्याचा चुलतभाऊ, स्पेअर पार्टचं दुकान, विषय संपला. घरचा माणूस फसवेल का म्हणे. मी इतकी वर्षं मेडिकलवर बसते. बनावट गोळ्या विकायला येणाराही कुणाच्या तरी घरचाच असतो.

सलीमभाई म्हणतात, त्यांच्या ओळखीच्या दुकानातून घ्या. ओळखीच्या. म्हणजे कमिशन.

शेवटी गेले संतोषकडंच. "वहिनी, कंपनीचाच माल हाय, डोळं झाकून घ्या." डोळे झाकून म्हटलं की मी दोन्ही उघडते. खोका फिरवून फिरवून बघितला. चकचकीत स्टिकर, खरवडायचा नंबर, मोबाइलवर 'माल खरा आहे' असा मेसेजही आला. मेसेज काय, कुणीही पाठवतं. छपाई जरा फिकी वाटली. की दुकानातला दिवाच तसा? घेतला. दि.चं तोंड बंद राहावं म्हणून.

१२, सोम.
बसवायला देण्याआधी नव्या पॅडच्या मागं माझं लाल नेलपॉलिश लावलं, एकेक ठिपका. सलीमभाईंनी बदलले तर कळेल. जुने पॅड परत मागितले. "क्या करते भाभी इनका?" काही नाही, ठेवते. वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. चेहऱ्यावर काहीच नाही. हेच मला आवडत नाही.

गाडी घरी आली तसे आबा फडकं घेऊन पुसायला लागले. सासूबाई गेल्यावर पाचोडहून इथं पडेगावला आमच्याकडं आणलं त्यांना, पण आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाला इथं कामच नाही. सासरा गाडी पुसतोय नि सून बघतेय, कॉलनीत काय म्हणतील? पण त्यांना बरं वाटतं. म्हणून गप्प.

१४, बुध., संक्रांत
नवे पॅडही कुरकुरतात! डावं चाक. सलीमभाई फोनवर, "नया है, बैठ जाएगा." कधी, ते नाही सांगत.
संतोष तिळगूळ घेऊन आला. गोड बोला म्हणाला. म्हटलं, भाऊजी, तुमचे पॅड गोड बोलत नाहीत. हसला. जरा जास्तच हसला.

१७, शनि.
सकाळपासून आवाज बंद. आपोआप? ते जास्तच खटकलं. आणि मग छावणीच्या सिग्नलला ब्रेक दाबला, तर गाडी सरकतच राहिली, वर उजवीकडं ओढ. पुढच्या रिक्षाला टेकता टेकता राहिले. रिक्षावाला उतरून आला. मला शिव्या द्याव्यात की पाणी, त्याला ठरेना. ही गाडी घाटात असती तर. ऋतू असती तर.

तशीच रांगत सलीमभाईंकडं. चाक काढलं. लाल ठिपके जागेवर, म्हणजे पॅड बदललेले नाहीत. डाव्या पॅडवर बोट फिरवून त्यांनी वास घेतला. "ये तो तेल पी गया भाभी." कुठून आलं तेल? "मेरेकू क्या मालूम? डब्बा तुमीच लेके आए." मी त्यांच्या हातांकडं बघितलं, कोपरापर्यंत काळे. माझं बघणं त्यांनी बघितलं. "शक करना है तो गाडी दूसरी तरफ ले जाव." पहिल्यांदाच आवाज चढला त्यांचा.

मग राहिला कोण? संतोष. कुणीतरी परत केलेले, तेल लागलेले पॅड पुसून खोक्यात भरले असणार. फोन लावला नि तोंडाला येईल ते बोलले. माझ्या पोरीच्या जिवावर उठलात का, इथपर्यंत. तो भांडला नाही. फक्त "बरं, वहिनी."

१८, रवि.
संतोष नवा खोका घेऊन आला. दारातूनच दिला, पैसे घेतले नाहीत, चहालाही थांबला नाही. दि. माझ्याशी बोलत नाहीये. आमच्या घरात असं कुणी कुणाला बोललं नव्हतं म्हणे.

माल खरा असेल तर माणूस भांडेल ना? हा गुपचूप दुसरा आणून देतो. कुठंतरी पाणी मुरतंय.

दुसरीकडून घ्यायचं मनात होतं. पण सलीमभाईंच्या ओळखीचं दुकान कुठल्या तोंडानं विचारणार? बाकीच्या दुकानांत तर कुणीच माहितीचं नाही. संशय घ्यायला तरी ओळखीचा माणूस हवा. संतोषचेच बसवले. सलीमभाई नि मी कामापुरतं बोललो.

२१, बुध.
सापडलं. कसं लिहू.

सकाळी दूध घ्यायला बाहेर आले, तर आबा डाव्या चाकाशी उकिडवे बसलेले. हातात माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. तिची लांब नळी चाकाच्या भोकातून आत घालायचं चाललेलं.
"आबा, काय करताय?"
"पुन्यांदा कुरकुरतंय हे. त्या दिशी दिलं तं गप झालं व्हतं."
"तेल दिलं?"
"मंग? बैलगाडीच्या आखाला देत नव्हतो व्हय? असं सुकं चाक घिऊन पोरगी घाट उतरंल कशी?"

मी पायरीवर बसले. सांगितलं त्यांना, या गाडीचं थांबणं त्या घासण्यावरच असतं. तेल लागलं की पकडच जाते. त्यांच्या लक्षात येत गेलं तसा चेहरा उतरत गेला. "म्हंजी सिग्नलला तुझी गाडी... माझ्यामुळं?" मला राग येईना. नुसतं वाईट वाटलं, फार वाईट. नातीसाठीच करत होते.

"आज टाकलं का?"
"नाय. तू आलीस ना."

खरं? असं मनात यायला नको होतं, पण गाडी थेट सलीमभाईंकडं. उघडून बघितलं, कोरडं. त्यांना सगळं सांगितलं, माफी मागितली. "जाने दो भाभी. मेरे अब्बा ने टीवी पानी से धोया था."

संध्याकाळी आबा म्हणाले, "संतोषला सांगू नगंस. भावाचं लेकरू हाय. मान खाली जाईल माझी." हो म्हटलं. म्हणजे संतोष चोर तो चोरच राहिला.

२३, शुक्र.
दि.ला सांगितलं. म्हणाला, संतोषला आत्ताच फोन कर. म्हटलं, आबांना शब्द दिलाय, तू कर. फोन हातात घेतला नि परत ठेवला. बापापुढं त्याचंही चालत नाही.

दौलताबादच्या रस्त्याला सकाळी मोकळं असताना ब्रेक तपासले. ऋतू चालवत, मी शेजारी. दाबला की सरळ थांबते. पुन्हा. पुन्हा. ऋतू म्हणाली, "आई, बास आता. टायर झिजतील, मग टायरवर संशय घेशील."

पण ते पहिले पॅड मुळात खरे होते का? आता कळायची सोय नाही, तेलानं सगळंच झाकलं. आणि हे दुसरे त्याच दुकानातले, फुकट दिलेले. सपाट रस्त्यावर काय, सगळेच थांबतात. घाटात तापल्यावर...

२५, रवि.
ऋतू निघाली. सोबत दि. दोघंही त्याच गाडीत. आबा फाटकाशी उभे होते, हात मागं बांधून, गाडीच्या जवळ आलेच नाहीत.

कन्नडहून फोन आला. चहा झाला, आता घाट. त्यानंतर नाही. घाटात रेंज नसते, माहितीये मला.

मग फोन वाजला, धावत घेतला. संतोष. "वहिनी, ऋतू घाट उतरली का?"
"अजून फोन नाही."
आबांचं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं होतं मी. मग वाटलं, हा इतका का विचारतोय? काळजी आहे, की त्या खोक्यातलं याला काही माहीत आहे? तोंड मिटलं. तोही बोलेना, मीही बोलेना, आणि फोन कुणीच ठेवेना.

शेवटी तोच म्हणाला, "ठेवतो वहिनी. आपुन बोलत बसलो तं तिचा फोन लागायचा नाय."

एवढं ज्याला सुचतं त्या माणसाला मी नको ते बोलले. की धास्ती असली म्हणजेच असं सुचतं? फोन समोर ठेवलाय. वाजत नाही.