नाही म्हणणाऱ्यांचं कपाट

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची लेकाच्या नव्या घरी! खोली मला स्वतंत्र, खिडकीतून ऊन, भिंतीत माणूसभर उंच कपाट. आणखी काय हवं? जागा बदलली की डोकं बावरेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. म्हणून पलंगाची दिशा जुनीच ठेवलीय, गोळ्यांचा सात खणांचा डबा उशाशी, आणि रोज चार ओळी लिहायच्या. मी चौथी शिकलेली, पण नातीने वसतिगृहात जाताना अर्धी कोरी वही दिली, मग काय, सुटलेच! आजार माझा वीस वर्षांचा, आता घरचाच झालाय. माझे आवाज डाव्या कानामागे बोलतात आणि मलाच शिव्या घालतात, मेले. शंका आली की घरच्या माणसाला विचारायचं, तुला ऐकू येतं का? तो नाही म्हणाला की ते नाहीच. लेकाचा शब्द म्हणजे माझं कुंपण.

गुरुवार, ६
शेजारीण माझ्याहून बडबडी निघाली, छान जमेल. म्हणाली, तुमच्या खोलीत आधी एक म्हातारी राहायची. मुलगा तिला वेडी ठरवून मोकळा झाला होता. एका दुपारी ती कपाटात अडकली, दार लागलं, आतून हाका मारत राहिली. विचारणाऱ्यांना मुलगा म्हणाला, मला नाही काही ऐकू येत. उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. ऐकता ऐकता माझा चहा गार झाला.

रविवार, ९
कपाटात नखं घासल्याचा आवाज. कानामागे नाही, समोर. लेकाला विचारलं. नाही म्हणाला, मग मी गोळी घेऊन पडले. पण त्याच्या हातावर सरसरून काटा आलेला मी पाहिला. काय रे, तर म्हणे पंख्याचा वारा. पंखा बंद होता.

बुधवार, १२
लेकाने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आई बिघडलीय, कपाटात बाई ऐकते. गोळ्या वाढल्या. घरी आल्यावर सुनेच्या हातातून कागद निसटला. मनोरुग्णांच्या केंद्राचा अर्ज, शनिवारी मला न्यायचं. सून रडवेली होऊन म्हणाली, तुम्ही बऱ्या असलात तर ते घेत नाहीत, म्हणून यांनी तुम्ही बिघडलात असं सांगितलं. आवाज दोघांनाही येतो म्हणे, पण बोलायचं नाही अशी नवऱ्याने तंबी दिलीय.
म्हणजे पठ्ठ्याला रोज ऐकू येतं! कुंपणच शेत खात होतं आणि मी त्यालाच राखणीला बसवलं होतं. मी वेडी असेन, मूर्ख नाही.

गुरुवार, १३
दुपारभर कपाटाला टेकून तिला सगळं सांगितलं. काय गुणाची बाई, मधे एकदाही तोडलं नाही! शेवटी एवढंच म्हणाली, नाही म्हणणारा मला दे.
म्हटलं, घे बाई. माझ्याच पोटचा आहे, परवानगी माझी.

शुक्रवार, १४, दुपार
त्याला म्हटलं, उद्या जायचंच आहे तर कपाटातली माझी बॅग काढून दे. खूश झाला. आत वाकला. दार लागलं — मी बोटही लावलं नाही.
आतून त्याचं आई, आई, चाललंय. लहानपणी पडला की अस्साच —
पोटभर जेवले.

शुक्रवार, नंतर
सून धावत आली. हे कुठे गेले, कपाट आतून कोण ठोकतंय, तुम्हाला येतंय ना ऐकू? हात जोडले तिने.
मी गोड हसले. नाही गं, म्हटलं.
ठोकणं थांबलं.
सून पाय लावून पळाली, कुलूपवाल्याला आणायला. मी एकटी. दार किलकिलं. आत लेक दिसत नाही, नुसती —
ती बाहेर आलीय. वहीत बघतेय. विचारतेय, आत्ता नाही कोण म्हणालं —
अगं, मी तुझ्यातलीच. ते सूड म्हणून, सुनेला नुसतं —
नखं —
येतं गं ऐकू मला. पहिल्यापासून येतं. सगळ्यांना सांगते, स्पष्ट ऐ