चकरा लहान होत जातात

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची. लेकीने वही दिलीय, रोज चार ओळी खरड म्हणाली. जाऊबाईंना तोंडावर सांगून आलेय, परत तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. मत्स्यालय डागडुजीसाठी आठ दिवस बंद आहे. इथेच राहायचं, मधल्या गोल टाकीची काच घासायची. खोली कोरडी, पलंग बरा, आणखी काय पाहिजे? टाकीत एक मोठा शार्क. त्याला खायला घालणारा माणूस आणि मी, दोघंच. बाहेरच्या दाराची किल्ली त्याच्याकडे. बोलायला गोड आहे, ताई ताई करतो.

मंगळवार
आज त्याने शार्कचं सगळं सांगितलं. एकदम झडप घालत नाही म्हणे. आधी लांबून चकरा मारतो, मग चकरा लहान करत आणतो. मग नाकाने ढोसतो, मग एक चावा घेऊन सोडून देतो. मग वाचायचं कसं, मी विचारलं. काही मासे फुगून मोठे दिसतात म्हणाला, पण शार्कपुढे एकच उपाय, नजर हटवायची नाही. पाठ दिसली की संपलं. मी म्हटलं, माझा नवरा पण असाच होता. तो हसला नाही.

बुधवार
मी काच घासते आणि हा टाकीभोवती फिरतो. तुला कामं नाहीत का विचारलं, तर आणखी एक चक्कर मारली. संध्याकाळी अगदी अंगाजवळून गेला.

गुरुवार
खांद्याने ढोसलं. चुकून नाही. मीही फुगले, खराटा उगारून चांगल्या शिव्या घातल्या. पापणी लवली नाही त्याची. किल्ली मागितली तर म्हणाला, सोमवारी. पलंगावर ठेवलेला माझा फोन जागेवर नाहीये.

शुक्रवार
मनगटाला चावला. आणि सोडलं. मी रक्त पुसतेय आणि हा – ओठ चाटतोय. चव बघितली फक्त.

शनिवार
पंपाच्या खोलीत आहे. दाराला कडी नाही. तो उंबऱ्यावर. सकाळपासून त्याच्या डोळ्यांत बघतेय, म्हणून पुढे येत नाही. डोळ्यांची आग –

वही मांडीवर. न बघता लिहितेय, ओळी एकमेकींवर चढत असतील –

पोरी, तुला वाचता येईल अशी एक तरी ओळ हवी. तेवढीच खाली बघून लिहिते. जाऊबाईंना सांग, माझं चुक