तिसऱ्या हाकेला ओ

१२ नोव्हेंबर १९६२, रास अल खैमा

पोचलो एकदाचा. आगबोटीत पोटातलं सगळं समुद्राला देऊन झालं, दुबईला होडीतून किनाऱ्यावर उतरलो, पुढे लॉरीच्या टपावर बसून वाळू खाल्ली. पण दारात खैरुद्दीन मामू उभे दिसले आणि सगळा शीण गेला. अम्माचे सख्खे भाऊ, मला खांद्यावर बसवून उरुसाला नेणारे. गळ्यात पडून रडले. मास्तरकीत काय ठेवलंय मुनीर, इथे तुझ्या हातातल्या हुन्नराला भाव आहे, म्हणाले.

हुन्नर म्हणजे माझा तीरकमठा. गावामागच्या कातकरी वाडीत शिकलो. अब्बा म्हणायचे, मास्तर होऊन रानात काय भटकतोस? आता बघा म्हणावं.

मामूंच्या दोन्ही कानांत अत्तराचे बोळे, तेही गच्च कोंबलेले. गावी एकाच कानात एवढासा फाया असायचा. मी म्हटलं, मामू, नवरदेवसुद्धा एवढा नटत नाही. त्यांना ऐकूच गेलं नाही.

रुकय्या मामीने सांदणं आणि मटण केलं होतं. मी इतकी सांदणं हाणली की कोणीतरी टोकायला हवं होतं. मामी मात्र माझ्याकडे बघतच नाही. तिचा भाऊ मोहिद्दीन इथेच होडीतून पडून बुडाला, म्हणून कोकणातलं माणूस दिसलं की तिला त्रास होतो, असं मामू म्हणाले.

१५ नोव्हेंबर

मामूंनी काम समजावलं. डोंगरात रानबकरे आहेत. बंदूक वाजली की कळप पार पलीकडच्या डोंगरात जातो, म्हणून तीरवाला हवा, आणि तो एकटा हवा. दोन माणसांचा वास बकऱ्याला लगेच लागतो. हे खरंच आहे. मी मांस खारवून वाळवायचं, दर शनिवारी मामू गाढवावर शिधापाणी घेऊन येणार आणि मांस खाली नेणार.

धाकट्या शौकतलाही लगेच बोलवून घे, म्हणाले. त्यांचा फारच आग्रह. मी आनंदाने पत्र लिहिलं: ये, आणि माझा दुसरा कमठा आण. मामूंनी स्वतः टपालात टाकलं.

१७ नोव्हेंबर, डोंगरावर

निघताना मामी पहिल्यांदा जवळ आली. दुलईतला कापूस काढून माझ्या कानांत घालू लागली. मामूंनी तो काढून टाकला. शिकाऱ्याला कान लागतात, वेडी आहेस काय, म्हणून हसले. मामी आत गेली, ती निरोपालाही बाहेर आली नाही.

चढण अशी की गाढवालाही अल्ला आठवावा. वर दगडी घरांची छोटी वस्ती. घरं अर्धी जमिनीत, भिंती हातभर जाड, दार इतकं बुटकं की रांगत जावं लागतं. दाराला थोरलं लाकडी कुलूप, म्हणून याला कुलपाचं घर म्हणतात. आत रांजण आहेत, दारापेक्षा मोठे. आधी रांजण ठेवले आणि मग भिंती बांधल्या म्हणे. आता ते कधीच बाहेर निघायचे नाहीत.

वस्ती रिकामी आहे. डोंगरातले लोक हिवाळ्यात पेरणीला वर येतात असं गाडीत ऐकलं होतं. मामू म्हणाले, पाऊस झाला की येतील.

जाताना एक गोष्ट बजावली. मी आलो की खालच्या वळणावरून तीन हाका मारीन. तिसरीनंतरच ओ दे. मला हसू आलं. हे का मला शिकवायला हवं? भूत दोनदा हाक मारतं, माणूस तीनदा, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. शौकतला तर मीच छड्या मारून शिकवलंय.

२१ नोव्हेंबर

आज पहिला बकरा. पाण्याच्या डबक्यावर वारा तोंडावर घेऊन सकाळभर दगड होऊन बसलो. पायाला मुंग्या, नाकावर माशी, पण हललो नाही. तो आला, दाढीवाला, मौलवीसारखा ऐटीत. बिस्मिल्ला म्हणून तीर सोडला. ते म्हटल्याशिवाय शिकार हलाल नाही, आणि आता तर अशी सवय झालीय की दोरी ओढली की तोंड आपोआप उघडतं. तीर बरोबर फासळीत बसला.

एकटा असून इतका खूश मी कधीच नव्हतो. संध्याकाळी कलेजी भाजून खाल्ली.

२४ नोव्हेंबर

मामू आले, तीन हाका दिल्या, मी ओ दिली. वर मात्र आले नाहीत, वळणावरच सामान ठेवलं. गुडघे दुखतात म्हणे.

२७ नोव्हेंबर

बकरे पाण्यावर येतात आणि पीत नाहीत. उभे राहून माझ्या मागे, घराकडे बघतात. मी वळून पाहतो तर काही नसतं.

पाणी न्यायला आलेला एक डोंगरी माणूस दिसला. सोबत मिळाली म्हणून सलाम केला. त्याने मला पाहिलं, मग घराकडे पाहिलं, दोन्ही बोटं कानांत घातली आणि रिकामी पखाल टाकून पळाला. काय माणसं आहेत.

२८ नोव्हेंबर

भर दुपारी वळणावरून मामूंची हाक आली. मुनीर. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. आज बुधवार, मामू कसे, असं वाटलं, पण तीन झाल्या होत्या. ओ दिली. कानात वारं गेल्यासारखं गार वाटलं.

खाली धावत गेलो. वळणावर ना मामू, ना गाढव, ना धुळीत पाऊल.

तीन हाका त्याला कोणी शिकवल्या? इथल्या डोंगराला आमच्या गावची रीत कशी माहीत?

२९ नोव्हेंबर

रांजणामागे अडकित्ता सापडला. पितळी, मोराच्या मुठीचा. हा मोहिद्दीनचा. अख्ख्या गावात असा दुसरा नव्हता, सुपारी कातरताना मुद्दाम मिरवायचा. होडीतून पडून बुडालेल्या माणसाचा अडकित्ता डोंगरावर कसा आला? मामू खोटं बोलले. माझ्याशी, सख्ख्या भाच्याशी.

मी उद्या खाली जाणार.

३० नोव्हेंबर

निघालो. वळणावर मागून अम्माची हाक आली. तीन. मी ओठ चावून धरले होते, रक्त आलं, तरी ओ गेली. मी दिली नाही. ती गेली. आणि पाय वळले. भान आलं तेव्हा मी घराच्या दारात रांगत होतो.

दुपारी पुन्हा निघालो. पुन्हा तेच.

१ डिसेंबर, शनिवार

मामू आले. घळीच्या पलीकडे उभे राहिले. त्यांनी हाक मारली नाही, मीच ओरडलो. ते बोलत राहिले, मान खाली घालून, धडा म्हणून दाखवावा तसे.

या मुलखात नवे होते तेव्हा ते स्वतः इथे बंदूक घेऊन शिकारीला आले होते. त्यांनी ओ दिली होती. धावत सुटले म्हणून खाली पोचले, पण हाक पाठोपाठ आली. रोज दिवस मावळताना घराच्या मागच्या भिंतीपाशी. मग त्यांनी मोहिद्दीनला वर आणलं, तीन हाकांची रीत सांगून, आणि खाली शांत झालं. आता मोहिद्दीनचा आवाज संपला, म्हणून हाक पुन्हा खाली यायला लागली. वर कोणी ओ देणारा असला की त्यांची सुटका असते. दुसऱ्या कोणाला कसं आणू, आपलंच माणूस विश्वासाने येतं, म्हणाले. माझ्यावर राग धरू नकोस म्हणाले.

मी रडलो. अम्माची शपथ घातली. घरातलं भांडण तरी सांगा, काय वाईट केलं मी तुमचं, विचारलं. एकही शब्द त्यांना ऐकू गेला नाही. कानांत बोळे होते.

तीर लावला. त्यांच्या गळ्यावर नेम बसला होता. पण अम्मासारखीच हनुवटी. सोडवला नाही.

मामी सगळं जाणून होती. सांदणं वाढत होती आणि जाणून होती.

८ डिसेंबर

शिधा ठेवून गेले. न बघता.

दुपारच्या हाका आता शौकतच्या आवाजात येतात. लहानपणचा आवाज, बोबडा. मी ओ देतो. देतो काय, निघते.

दुलई फाडून कान बंद केले. तरी ऐकू येतं. म्हणजे ते बाहेर नाही—

१३ डिसेंबर

बोलायला गेलो तर मामूंच्या आवाजात बोललो. मग अम्माच्या. माझा आवाज शोधून काढावा लागतो—

रांजणात तोंड घालून माझंच नाव घेतलं. आतून मोहिद्दीन ओ म्हणाला. दमलेला, फार दमलेला.

१५ डिसेंबर

मामू घळीपलीकडून ओरडून गेले. शौकतची आगबोट आली. पुढच्या शनिवारी त्याला घेऊन येतो म्हणाले. चांगली बातमी सांगावी तसं.

पत्र मीच लिहिलं. माझ्याच हाताने.

त्याला थांबवायचं. ओरडायचं नाही. मी ओरडलो की ती हाकच होईल. आणि तो ओ देईल.

तीर. त्याच्या पायापुढे तीर मारायचा. माझी पिसं तो ओळखतो. शहाणा आहे, परत फिरेल.

२२ डिसेंबर, शनिवार

तोंडात फडकं कोंबून वरून गाठ मारली आहे. दाराआड बसलोय. तीर लावलेला—

दोघं. गाढव. मामूंच्या कानांत पांढरं दिसतंय. शौकतच्या खांद्यावर माझा कमठा. हसतोय. केवढा उंच झालाय—

मामू वळणावर थांबले. त्याला एकट्याला पुढे पाठवलं—

दोरी ओढली. सवयीने— या अल्ला, सवयीने— दोरी ढिली सोडून त्याच हाताने फडकं ओढून काढलं. बिस्मिल्ला म्हणायला तोंड उघडलं—

बिस्मिल्ला नाही निघालं. शौकत, असं निघालं. माझ्याच आवाजात.

तीर दगडावर पडला. त्याला दिसला नाही.

तो थांबलाय. ओ देत नाही. शहाणा बच्चा. वर बघतोय. मी शिकवलंय ना, वाट बघतोय—

दुसरी गेली. फडकं सापडत नाही— हाताने तोंड दाबलंय, या हाताने लिहितोय, शौकत, बेटा, नको, तिसरीला नको, मी—

तोंडावरचा हात आपोआप बाजूला हो