बरबटीच्या वड्यांची तुला

सिंदेवाही, ८ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. सरिता हिस बाबांचे अ. उ. आ.

फोनवर तू रडतेस आणि तुझी आई तुझ्यापेक्षा मोठ्याने, म्हणून पत्रच बरे. दिव्यानीला तिकडे लंडनला नव्या औषधाच्या चाचणीत घेतले, फार आनंद झाला. डाळ, दूध, मासोळी पचवायचे एन्झाइम नातीचे लिव्हर नीट बनवत नाही. या सुईतून त्याला ते बनवायचा निरोप जातो, काही दिवसांत निरोप विरतो, म्हणून पुन्हा सुई. हे मी तुझ्या आईला समजावले. ती म्हणाली, मंग त्याच निरोपात लिहून टाका म्हना, का आजीले रोज फोन करत जाय. दोष दोन्ही घराण्यांतून आला असे डॉक्टर म्हणतात, तरी माझा संशय व्याह्यांवरच आहे.

आणखी एक. मी आपल्या गावच्या मातामायला नवस बोललो. नात सुधारली की तिची बरबटीच्या वड्यांनी तुला करीन, तिच्या वजनाइतके वडे. पहिला वडा ती खाईल, बाकीचे मोहल्ला.

तुझा बाबा
सोमाजी

लंडन, २ डिसेंबर २०२३

ती. बाबांस शि. सा. न.

नवस बोलताना गूळ, नारळ काहीच सुचले नाही? बरबटी म्हणा की चवळी, डाळच ती. अजयमामाने लाडाने भरवलेल्या वाटीभर वरणाने ती बेशुद्ध पडली होती, विसरलात? औषध लागू पडले तरी पथ्य सुटणार नाही. पाच वर्षांची पोर, बारा किलोची. दर तपासणीला काटा तिथेच असतो आणि मी डॉक्टरांकडे बघायचे टाळते. मातामायला सांगा, वडा रद्द.

रागावले आहे, तरी माया कमी समजू नये.

सरिता

सिंदेवाही, १० जानेवारी २०२६

चि. सौ. सरिता हिस अ. आ.

औषध सुरू झाल्यापासून नात एकदाही भरती झाली नाही, म्हणजे मातामायने तिचे काम केले. आता मागे फिरता येत नाही. पण मी पहिला वडा म्हटले होते, केवढा ते म्हटले नव्हते. बोराएवढा चालेल का, डॉक्टरांना विचार.

बाबा

सिंदेवाही, १६ फेब्रुवारी २०२६

चि. जावईबापू कुलदीपराव यांस अ. आ.

सरिता आणि दिव्यानी या पत्राआधी लंडनला परत पोचतील आणि काहीबाही सांगतील. खरे ते हे.

मातामायपुढे धान मोजायचा तराजू टांगला. डॉक्टरांनी मान्य केलेला बोराएवढा वडा सरिताने स्वतः मोजून दिला. दिव्यानीने खाल्ला, तिखट म्हणाली आणि आम्ही सगळे तोंडाकडे बघतो म्हणून चिडली.

मग तिला एका पारड्यात बसवून दुसऱ्यात वडे टाकले. बरबटी मी सरिताच्या जुन्या पत्रातल्या बारा किलोच्या अंदाजाने भिजवली होती. वडे संपले, पोरगी जमिनीवरच! अजयने कढई पुन्हा चढवली, शेजारून पीठ आले, तरी पारडे हलेना. तुला झाल्याशिवाय वड्याला हात लावायचा नाही, म्हणून मोहल्ला उपाशी. शेजारचा बापूराव सरिताला म्हणाला, काय चारून राह्यली वं हिले तिकडं? तुमच्या सासूबाईंनी नातीला श्वास सोडून पाहायला सांगितले.

तेवढ्यात सरिता पोरीच्या पारड्याजवळ बसली आणि रडू लागली. मी घाबरलो. म्हटले, रडू नको, आणखी तळतो. ती म्हणाली, नका तळू बाबा. थोडा वेळ तिले असंच खाली राहू द्या.

व्याह्यांना नमस्कार सांगा. वजन मात्र आमच्या घराण्याचे आहे.

माया आहेच, तुम्हीही ठेवावी.

आपला
सोमाजी